तिरंग्यात गुंडाळलेला माणूस घरी येतो तेव्हा

रात्री उशिरा अनोळखी नंबर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. पलीकडे कुणाची तरी जाऊ असते, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी. "ताई, आमच्याकडचा मुलगा गेला. उद्या लोहगाव विमानतळावर आणतायत. आम्ही काय करायचं?" गेल्या अठरा वर्षांत मी अशा बावीस घरांत जाऊन बसले आहे. दिघी, बोपखेल, विश्रांतवाडी, आणि पुण्याबाहेर पुरंदर-भोरपर्यंत. २००३ च्या ऑगस्टमध्ये मी अशाच एका घरातली बाई होते. हे मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. मी एकोणतीसची, मुलगा चार वर्षांचा.

फोनवर घाईत जे सांगते ते एकदा नीट लिहून ठेवते. लष्कराला त्यांचं काम येतं, ते शिकवायला मी कोण? हे शेजाऱ्यांसाठी, भावकीसाठी आणि ज्यांना त्या दिवशी काहीतरी करावंसं वाटतं पण काय ते कळत नाही, त्या सगळ्यांसाठी आहे.

बातमी आल्यावर

पलटणीचा फोन बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाला येतो, भावाला किंवा वडिलांना. तो फोन घेणारा माणूस शेवटपर्यंत तोच ठेवा. एक वही घ्या. बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा, नंबर, वेळ लिहा. चार गोष्टी विचारा: पार्थिव कधी निघणार, कुठल्या विमानतळावर उतरणार, सोबत कोण येतंय, आणि घरच्यांनी अंत्यसंस्कार कुठे करायचं ठरवलं ते कुणाला कळवायचं. शहरात की गावी, हे घरानं ठरवायचं असतं आणि लवकर ठरवायचं असतं. मानवंदनेची तुकडी, बिगुलवाले, तहसीलदार, पोलीस ही सगळी माणसं त्यावर हलतात.

बायकोला सांगितल्याशिवाय कुणाच्याही मोबाइलवर फोटो जाऊ देऊ नका. मला माझी बातमी किराणा दुकानात कळली. दुकानदारानं पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा मला कळलं.

मुलांना खरं सांगा. "बाबा देवाघरी गेले", "बाबा मोठ्या ड्यूटीवर गेले" असं सांगू नका. माझ्या मुलाला कुणीतरी ड्यूटीवर गेले म्हणून सांगितलं. ड्यूटीवरून तर बाबा दरवेळी परत येतात! तो पुढच्या दिवाळीपर्यंत गेटवर जाऊन बसायचा. "बाबा मेले, आता ते येणार नाहीत, मी आहे," एवढं जवळच्या माणसानं मांडीवर घेऊन सांगायचं. कठीण आहे, पण ते त्याच दिवशी करायला हवं.

जिना मोजा

पार्थिव लोहगावला उतरतं. तिथेच लष्कर आणि हवाई दलाचे अधिकारी पुष्पचक्र वाहतात. विमान रात्री आलं तर सहसा रात्रभर लष्करी रुग्णालयाच्या शवागारात ठेवतात आणि सकाळी घरी आणतात. हे रात्रीचे तास घराला असह्य वाटतात, पण तयारीला तेवढेच हाताशी असतात.

आपल्याकडच्या इमारतींच्या लिफ्टमध्ये शवपेटी मावत नाही. ती साडेसहा-सात फूट लांब असते, उचलायला सहा ते आठ जण लागतात, आणि जिन्याच्या वळणावर ती उभी करावी लागली तर ते दृश्य घरच्यांनी बघू नये. बोपखेलच्या एका घरी मी ते बघितलं आहे. म्हणून आदल्या रात्रीच टेप घेऊन जिन्याचं वळण मोजा. मावत नसेल तर पार्किंगमधल्या गाड्या काढा, फरशी धुऊन घ्या, दोन मजबूत टेबलं एका उंचीची शोधा, वर पांढरी चादर. तीन बाजूंनी पडदे किंवा चादरी बांधा. गल्लीत लोंबणाऱ्या केबल असतील तर फुलांनी सजवलेली लष्करी गाडी अडकते, तेव्हा केबलवाल्याला रात्रीच बोलवा. पावसाळा असेल तर ताडपत्री हवीच, आणि स्मशानभूमीत छप्पर आहे का ते कुणीतरी स्वतः जाऊन बघून यायचं. आमच्या गावी ओढ्याकाठी छप्पर नव्हतं. लाकडं भिजली होती.

घराची वीस मिनिटं

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आमच्या अंगणात हे अकरा मिनिटं होते. भाऊजींच्या घड्याळात मोजलेली अकरा मिनिटं. त्यातली सात-आठ हार घालणाऱ्यांनी आणि कॅमेऱ्यांनी घेतली. माझ्या वाट्याला पेटीचा कोपरा आला. मी तिथे हात ठेवला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, थोडं बाजूला, साहेबांना पुष्पचक्र ठेवायचंय." मी बाजूला झाले. त्या बाजूला होण्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सोबत आलेल्या सुभेदार साहेबांना किंवा अधिकाऱ्यांना आधीच सांगा, "घरात पोचल्यावर पहिली वीस मिनिटं फक्त घरची माणसं." मी बावीस घरांत हे मागितलं, आणि लष्कराकडून मला एकदाही नकार मिळालेला नाही. त्यांना उलट बरं वाटतं. अडथळा आणतो तो आपलाच गोतावळा. तेव्हा चार दणकट पोरं दाराशी उभी करा, नम्र पण ऐकणारी नाहीत अशी. आत आई, वडील, बायको, मुलं, बहीण-भाऊ. बाकी कुणी नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो.

पेटी उघडायची की नाही, हे सोबत आलेल्या जवानाला बाजूला घेऊन विचारा. बायकोनं किंवा आईनं नाही, घरातल्या एखाद्या खंबीर माणसानं विचारायचं. त्यानं पाहिलेलं असतं. तो म्हणाला की चेहरा बघण्यासारखा आहे, तर बघू द्या, मनाला मरण पटायला ते लागतं. तो म्हणाला "नको", तर हट्ट करू नका, पण बायकोपासून लपवूही नका. तिला सांगा, का नको ते सांगा, आणि तरी ती म्हणाली मला बघायचंय, तर तो तिचा हक्क आहे. हात दिसू शकतो, पाय दिसू शकतो. पुरंदरच्या एका आईनं फक्त पायाचा अंगठा बघितला. लहानपणी विळ्यानं कापल्याची खूण होती त्यावर. ती म्हणाली, "माझाच हाय."

बांगड्या

पेटी आली की कुणीतरी म्हातारी पुढे होते आणि बायकोचे हात धरते. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची. दाराशी उभ्या केलेल्या पोरांना हेसुद्धा सांगून ठेवा की हे होऊ द्यायचं नाही. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला विरोध करायचा तर हाताशी काहीतरी लागतं. "आजी, सरकारनं बंद केलंय" एवढं वाक्य पुरतं. माझ्या वेळी आत्यांनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनीच, त्या बायकांना हाकललं. मुलगा गेलेला असताना त्यांना हे सुचलं, याचं मला नवल वाटतं आणि त्यांच्यापुढे मी आजही वाकते.

अग्नी कोण देणार, यात लष्कर पडत नाही. बायको देऊ शकते, मुलगी देऊ शकते. चार वर्षांच्या मुलाच्या हातात टेंभा द्यायचा असेल तर त्याच्या हातावर दुसऱ्या कुणाचा तरी हात हवा, आणि लगेच त्याला तिथून न्यायला तिसरं माणूस हवं.

मैदानावर काय होतं

हे सगळं मी बायको म्हणून बघितलं तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. धुक्यात बघितल्यासारखं. नंतर एकेक गोष्ट विचारून घेतली. घरच्यांना आधी सांगितलं तर त्यांना ते खरोखर बघता येतं. क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण गोष्टी याच.

जवान पेटी खांद्यावर घेऊन संथ पावलांनी येतात. तुकडी आधी "सलामी शस्त्र" करते, मग "शोक शस्त्र". शोक शस्त्रात बंदुकीची नळी जमिनीकडे होते, हात दस्त्यावर येतात आणि सगळ्यांची मान खाली जाते. शिपायाची मान ड्यूटीवर एरवी खाली जात नाही, या एका हुकमावर ती जाते. पुष्पचक्रं पेटीसमोर ठेवतात. लष्कराकडून, जिल्हा प्रशासनाकडून, पोलिसांकडून. घरच्यांनीही एक ठेवावं. मोगऱ्याची ओंजळ असली तरी चालेल, फक्त आधी सांगून ठेवा म्हणजे क्रमात जागा मिळते.

मग हवेत तीन फैरी झाडतात. गोळ्या रिकाम्या असतात, पण आवाज खरा असतो. म्हाताऱ्यांना आणि लहानांना आधी सांगा, "आता तीनदा मोठा आवाज येईल, ती सलामी आहे." नाहीतर आई किंचाळते, तिला वाटतं पुन्हा मारलं. वर्तमानपत्रं याला कधी कधी एकवीस तोफांची सलामी म्हणतात. ते बरोबर नाही. ती तोफांची असते, आणि कुणाला द्यायची याचे वेगळे नियम आहेत. ही बंदुकांची, तीनच. जुन्या काळी लढाई थांबवून दोन्ही बाजू आपापली माणसं उचलायच्या आणि ते झालं की तीन फैरी झाडून कळवायच्या, अशी या प्रथेची गोष्ट सांगतात. आमच्या माणसांची नीट व्यवस्था झाली, असा त्याचा अर्थ.

बिगुलवर वाजते ती लास्ट पोस्ट. छावणीत रात्रीचे पहारे बघून झाले, दिवस संपला, हे सांगणारी ही जुनी धून. त्यानंतर स्तब्धता. आणि मग रूज, पहाटे उठवणारी धून. ती का वाजवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मला त्या क्षणी राग आला होता, उठवतायत कुणाला? आता मी शेजारी बसलेल्या बाईचा हात धरून हळूच सांगते, "झोपलेल्याला उठवण्याची धून आहे, ती ऐका." काहींना त्यानं रडू फुटतं. फुटू द्या.

मराठा पलटणीचा माणूस असेल तर त्याचे सोबती शेवटी रणघोष करतात, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय." गर्दीनं त्यात सूर मिसळायला हरकत नाही. पण फैरी, बिगुल आणि स्तब्धता चालू असताना घोषणा नकोत. पोरं प्रेमानंच "अमर रहे" ओरडतात, मला माहीत आहे. त्यांना एवढंच सांगा की बिगुल संपेपर्यंत थांबा. सामान्य माणसानं सलाम ठोकायची गरज नाही. टोपी काढून, हात जोडून किंवा ताठ उभं राहिलं की झालं. घरात आजोबा-वडिलांची पदकं असतील आणि ते हयात नसतील, तर वारसानं ती उजव्या बाजूला लावावीत. डावी बाजू ज्यानं ती कमावली त्याची.

भाषणांबद्दल बोलायचं नव्हतं, पण बोलते. भोरकडच्या एका गावी मे महिन्याच्या उन्हात भाषणं पाऊण तास चालली. गेलेल्याची नऊ वर्षांची मुलगी चक्कर येऊन पडली. तेव्हापासून मी तहसीलदारांना आधीच भेटते आणि विनंती करते की बोलायचं ते अग्नी दिल्यावर, श्रद्धांजलीच्या सभेत. बहुतेक जण ऐकतात. घरच्यांना बसायला खुर्च्या, पाणी आणि सावली, हे मांडवाच्या आधी बघा.

तिरंगा कुणाच्या हातात

पेटीवर तिरंगा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे असतो. तो चितेवर जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही, असा ध्वजसंहितेचा नियम आहे. म्हणून अग्नी देण्याआधी जवान तो उचलतात, घडी घालतात आणि घरच्यांच्या हाती देतात. सिनेमात दिसते ती त्रिकोणी घडी परदेशातली. आपल्याकडे केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडतात, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी करतात की अशोकचक्र वर राहतं आणि केशरी-हिरव्याची किनार दिसते. तो तळहातांवर घ्यायचा असतो. दोन्ही हात पुढे करा, तळवे वर. मला माहीत नव्हतं, मी पदर पुढे केला. अधिकारी तरुण होता. क्षणभर थांबला, आणि पदरातच ठेवला त्यानं.

तो सहसा बायकोला देतात. लग्न झालेलं नसेल तर आईवडिलांना. याच जागी घरं तुटलेली मी पाहिली आहेत, सासू आणि सून एका कापडासाठी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आदल्या रात्री बसून ठरवा. दोघींनी मिळून हात पुढे केले तर कुणी अडवत नाही. आमच्या घरी तो आत्यांच्या लाकडी पेटीत होता, त्या गेल्या तेव्हा माझ्याकडे आला. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवते, सोबत कडुलिंबाचा पाला, आणि दर पावसाळ्यानंतर पाला बदलते. त्यावर काही लिहू नका, नाव भरतकामानं विणू नका.

एक अवघड गोष्ट. निवृत्त होऊन घरी वारलेल्या फौजी माणसावर घरचे कधी कधी बाजारातून आणून तिरंगा घालतात. भावना मी समजू शकते. पण १९७१ च्या कायद्याप्रमाणे सरकारी किंवा लष्करी इतमाम सोडून तिरंगा असा पांघरता येत नाही, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. त्याऐवजी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या माजी सैनिक संघटनेला कळवा. जुने सोबती पदकं लावून येतात, रांगेत उभे राहतात. त्याच्या उशाशी त्याची पलटणीची टोपी ठेवा.

पूर्वी माणूस घरी येत नसे

घरच्यांना कधी कधी वाटतं, एवढा सोहळा कशाला. तेव्हा मी त्यांना सांगते की पेटी घरी येणं हेच नवीन आहे. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पुण्यात शिकलेले, १९६५ मध्ये १६ सप्टेंबरला पडले. त्यांना तिथेच, रणांगणावर अग्नी दिला, आणि ते स्वतः तसं सांगून ठेवून गेले होते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते, १६ डिसेंबर १९७१. त्यांच्या घरी अस्थी आल्या. हे दोघे परमवीर चक्राचे मानकरी, आणि त्यांच्याही घरच्यांना तोंड बघायला मिळालं नाही. साध्या शिपायाच्या घरी तार यायची आणि मागून ट्रंक. १९९९ मध्ये कारगिलला ५२७ जण गेले, तेव्हा पेट्या गावोगाव पोचवल्या गेल्या आणि ही रीत पडली. माझ्या सासऱ्यांचे चुलते १९६२ ला गेले. त्यांच्या आईनं मरेपर्यंत दाराला कडी लावली नाही.

दफन होणार असेल तर मान तोच, बिगुल तोच, फक्त तिरंगा खाली उतरवण्याआधी काढतात. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत, सगळे दगड एका उंचीचे. हुद्द्याप्रमाणे दगड लहान-मोठा होत नाही. मी मुलाला घेऊन तिथे पुष्कळदा गेले आहे.

कागद

थोडक्यात सांगते. तेराव्यापर्यंत कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करायची नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या किमान वीस प्रती काढा. पलटणीच्या पत्रात मृत्यू युद्धजन्य म्हणून नोंदला आहे की इतर, ते नीट वाचा, पेन्शन त्यावर ठरते. त्या कागदांवर "शहीद" शब्द शोधू नका, तो लष्कराच्या नोंदीत नसतोच. वीरगती, बलिदान असे शब्द लष्कर वापरतं. तो नाही म्हणून मान कमी झाला असं समजून एका वडिलांनी पत्र फाडलं होतं, मग दुसरं मिळवायला चार महिने गेले. आपला हुतात्मा आपण म्हणायचं, कागदाला त्याचं काम करू द्यायचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना बायकोला घेऊन जा. दीर, सासरे एकटे जाऊ नका, पैसे तिच्या खात्यात आणि सही तिची.

सोबत आलेला माणूस आणि ट्रंक

पेटीबरोबर त्याच पलटणीचा एक जवान येतो. दोन-तीन दिवस झोपलेला नसतो, जेवलेला नसतो. गर्दीत त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे आलेला पोरगा बांधावर पावसात बसून होता, हे मला वर्षानं कळलं. त्याला कोरडे कपडे द्या, खाऊ घाला, नंबर घ्या. शेवटचं काय झालं, शेवटी काय बोलला, हे फक्त त्याला माहीत असतं. त्याच दिवशी खोदून विचारू नका. बायकोनं सहा महिन्यांनी फोन केला तरी तो सांगतो.

महिन्या-दोन महिन्यांनी ट्रंक येते. काळी, पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली, आत सामानाची सह्या केलेली यादी. ती एकटीनं उघडू नका. दुसरं कुणीतरी यादी वाचेल, तुम्ही वस्तू काढा. माझ्या यादीत चौदावं होतं, "डबा, स्टील, १". मी राखीला नणंदेचे बेसनाचे लाडू त्यात घालून पाठवले होते. डबा घासून, पुसून, कोरडा करून ठेवलेला होता. ट्रंक घेऊन तोच पोरगा आला होता, आणि तो डबा त्यानंच घासला होता.

तेव्हा ट्रंक आली की आधी त्या माणसाला हातपाय धुवायला पाणी द्या, पोटभर जेवू घाला, आणि मग यादी काढा.